उत्तरेस चिंचेचं झाड

खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मटण खाता का, पाहुणे किती येतात, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी मला आधी वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, आणि म्हणाले, "लॅपटॉप हाय?"

"आहे."

"मराठी टाइप होते त्याच्यात?"

"होतं."

"मंग खोली उत्तरेची हाय. चावी पूर्वेच्या खिळ्यावर हाय. घ्या."

वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेत तेव्हा निम्मं वर्धा राहायला आलं होतं आणि उरलेलं निम्मं खोली शोधत होतं. माझ्याआधी अकरा जण नापास झाले होते, असं घरमालकीण काकू सांगायच्या. त्यात एक बँकेतला होता, एक तर चांगला डॉक्टर होता. डॉक्टरकडे लॅपटॉप होता, पण मराठी टायपिंग येत नव्हतं. काकांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि "शिकून येजो" म्हणाले. अकरा हा आकडा काकूंचा आहे. माझा चौदा आहे, पण मी जरा वाढवून सांगतो. फार नाही, चार बोटं.

काका मोजणीचं काम करून निवृत्त झालेले. दोन शेजाऱ्यांचं शेताच्या हद्दीवरून भांडण लागलं की नकाशा, साखळी आणि खुंट्या घेऊन जो माणूस उन्हात उभा राहतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खातो, तो माणूस. जिल्ह्यातला एकही नाला त्यांनी ओलांडायचा ठेवला नव्हता. अख्खा लेआउट, म्हणजे आमची वस्ती, त्यांना मोजणीसाहेब म्हणायचा. एक इंच न चुकणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती, आणि ती ख्याती ते बनियनसारखी अंगावर घालून फिरायचे.

त्यांचं पाऊल सरळ अडीच फुटांचं. लग्नात सप्तपदी झाल्यावर त्यांनी भटजीला बाजूला घेऊन सांगितलं होतं म्हणे, की सातवं पाऊल जागेअभावी आखूड पडलं आहे, नोंद घ्यावी. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडात नव्हतेच. जेवायला बसले की "दक्षिणेची चटणी सरकव" म्हणायचे. काकूंनी रागाने ताटच फिरवलं की चटणी पश्चिमेला जायची आणि मग मूळ चटणी कुठे होती यावर सुनावणी चालायची.

त्यांचा खरा छंद मात्र चतुःसीमेचा. जमिनीच्या खरेदीखतात लिहितात ना, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस पांदण, उत्तरेस नाला, दक्षिणेस तमक्याची विहीर, तसं ते माणसांचं सांगायचे. त्यांच्या मते माणूस आत काय आहे हे कोणालाच कळत नाही, चार बाजूंना काय आहे तेवढं नीट लिहावं. आमचा दूधवाला कसा माणूस आहे असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "पूर्वेले म्हैस, पश्चिमेले म्हैस, उत्तरेले सासू, दक्षिणेले नळ." त्यानंतर मी त्या दुधाबद्दल कधी तक्रार केली नाही. दक्षिणेकडचं कारण समजलं होतं.

मी ठिबक सिंचनाच्या नळ्या विकत जिल्हाभर हिंडायचो. संध्याकाळी परत आलो की बूट काढायच्या आत काका सात डायऱ्या काखेत घेऊन वर यायचे. डायऱ्यांवर लाल शाईत नाव होतं, 'मी मोजलेले धुरे'. आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. नोकरीभर जिथे जिथे भांडण पाहिलं ते सगळं त्यांनी रात्री मुक्कामी लिहून ठेवलेलं होतं. हे सगळं ते नागपूरच्या एका प्रकाशकाकडे घेऊन गेले होते. प्रकाशक म्हणाला, "बांधावर कोण पुस्तक वाचतं साहेब?" काका म्हणाले, "बांधासाठी लोकं मुडदे पाडतेत, अन् वाचणार नाई?" आणि डायऱ्या उचलून पुढच्या बसने परत आले.

मग त्यांना कुठून तरी कळलं की इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे आपलं पुस्तक आपणच चढवायचं, प्रकाशक नाही, छपाई नाही, कोणाच्या पाया पडणं नाही. आणि म्हणून लॅपटॉप.

घाई मात्र जबरदस्त. रोज विचारायचे, "किती दिवस लागतीन?" एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, इतकी वर्षं डायऱ्या पडून होत्या, आताच काय गाडी सुटून राहिली?"

ते खिडकीपाशी गेले. "हिंगणीकडं एक बाई हाय. तिच्यानं वाचलं पाह्यजे. वय झालं तिचं, अन् माह्यं बी."

आणि डायऱ्या काखेत घेऊन खाली गेले. मी, खरं सांगतो, भलताच अंदाज बांधला आणि त्या दिवसापासून काकूंकडे जरा सहानुभूतीने पाहायला लागलो.

सहा डायऱ्या टाइप झाल्या तेव्हा मी म्हटलं, तोवर खातं तरी उघडून ठेवू. फॉर्म आला. पुस्तकाचं नाव, भाषा, प्रकार. प्रकारांत प्रेम होतं, रहस्य होतं, भय होतं, पाककला होती, मोजणी नव्हती. काका म्हणाले, "भयात टाका." मग 'लेखकाचा परिचय' असा चौकोन आला. काका ताठ उभे राहिले आणि सांगू लागले:

"पूर्वेस, सामाईक भिंत व भिंतीपलीकडे निवृत्त शिक्षक. पश्चिमेस, पत्नी. दक्षिणेस, संपलेली नोकरी. उत्तरेस..."

थांबले.

"उत्तरेस काय?"

"मोकळी ठेवा."

"काका, मोकळी कशी ठेवता? तुम्हीच म्हणता, तीन बाजूंची जमीन नसते."

"ठेवा म्हटलं ना मोकळी! काऊन जास्त बोलून राह्यले?"

ठेवली. येणेप्रमाणे तीन सीमांचा लेखक.

शेवटी खाली हिरवं बटण दिसलं, 'प्रकाशित करा'. काकांनी चष्मा पुसला. "हे दाबलं का काय होते?"

"पुस्तक जगभर जातं."

"अन् हरकती?"

"कसल्या हरकती?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शेजाऱ्याचा खांब उपटून आणला आहे. मोजणीचा नियम असा, की मोजणीआधी लगतच्या सगळ्या शेतमालकांना नोटीस द्यायची, अमुक दिवशी मोजणी आहे, हरकत असल्यास कळवावी. हरकत ऐकल्याशिवाय खुंटी ठोकायची नाही. आणि इथे माणसांच्या आयुष्यावर खुंट्या ठोकायच्या होत्या, तेही न विचारता! "बटण दाबलं अन् झालं? ही काय पद्धत हाय जी?"

मी म्हटलं, काका, तुम्ही कोणाचं नाव तर लिहिलेलंच नाही. हे खरं होतं. नावं गाळून त्यांनी प्रत्येकाची चतुःसीमा लिहिली होती. 'ज्याच्या पूर्वेस नाला आहे व ज्याने भावाच्या लग्नात जिलबी संपल्याचे खोटे सांगितले' असा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच निघतो, आणि तो कोण हे त्याच्या बैलांनाही ठाऊक असतं.

तर नोटिसा निघाल्या. अडतीस. मीच टाइप केल्या. 'आपण सदर पुस्तकात लगतधारक आहात. मजकुराबाबत हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. मुदतीत न आल्यास हरकत नाही असे समजून पुस्तक प्रकाशित होईल.' सोबत ज्याच्या त्याच्या प्रकरणाची फाइल व्हॉट्सअपवर. ज्यांच्याकडे व्हॉट्सअप नव्हतं त्यांना कागद टपालाने. एका गावात एक लगतधारक वारला होता, तिथे काकांनी नोटीस त्याच्या दारावर चिकटवायला लावली, रीतसर.

मला वाटलं, आता लोक काठ्या घेऊन येतात. लोक आले, पण काठ्या नव्हत्या, अर्ज होते. आणि एकोणतीस हरकती एकाच नमुन्याच्या: माझं भांडण इतक्या कमी पानांत का? तीन हरकती तर ज्यांना नोटीसच गेली नव्हती त्यांच्या. आम्ही काय कमी भांडलो काय, आम्हाला का वगळलं?

हिंगणघाटकडचे दोन भाऊ तर एकाच मोटारसायकलवर आले, पण एकमेकांशी न बोलता. पुढचा बोलायचा तर मागचा आमच्याकडे पाहायचा. त्यांच्या प्रकरणात काकांनी न्यायाने अर्धी थोरल्याची बाजू आणि अर्धी धाकट्याची बाजू लिहिली होती. धाकट्याने फोन पुढे केला. "साहेब, माह्यी चार पानं. अन् ह्याची किती, इचारा ह्याले."

थोरला मिशीतून म्हणाला, "सात."

"सात! वावर बी त्याचंच मोठं, अन् पुस्तक बी त्याचंच मोठं? तुमच्यावर भरवसा होता जी आमचा!"

काका पांढरेफटक पडले. त्यांनी दोन्ही फोन ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि वाकून पाहिलं. गोम लवकर कळली. थोरल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून त्याच्या सुनेने फोनमधली अक्षरं हरभऱ्याएवढी करून दिली होती. अक्षर मोठं, म्हणून पानं जास्त. मी दोघांची अक्षरं सारखी केली. पानं सारखी झाली. धाकटा खूश. थोरला ओरडला, "आता मले काईच दिसून नाई राह्यलं! माह्या बाजूचं काय लिवलं मले काय मालूम?" पुन्हा मोठी केली. पुन्हा धाकटा उठला.

काकांना त्या दिवशी जो धक्का बसला तो मी विसरणार नाही. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून ते म्हणाले, "ज्याचं पान प्रत्येकाच्या हातात सरकते, त्याचा धुरा कायम करावा तरी कसा बापा?" मी सांगितलं की शब्द मोजता येतात, ते कुणाच्याही फोनवर तेवढेच राहतात. काकांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. मोजले. धाकट्याचे अकरा शब्द कमी निघाले. अर्धा तास विचार करून काकांनी धाकट्याच्या बैलाच्या शिंगांचं अकरा शब्दांत वर्णन वाढवलं. दोघांनी 'हरकत नाही' वर सह्या केल्या आणि त्याच मोटारसायकलवर, तसेच न बोलता, गेले.

सातवी डायरी काकांनी माझ्या हातात दिलीच नाही. एका रविवारी आले, उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे माझ्याकडे पाठ, आणि तोंडी सांगू लागले. मी टाइप करत गेलो.

हिंगणीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला एका बाईचं शेत. नवरा गेलेला, बाई स्वतः शेत कसायची. शेजाऱ्याने मोजणी मागितली. काका गेले. आदल्या पावसाळ्यात नाल्याच्या पुराने हद्दीचा दगड हलवला होता, आणि कोणीतरी तो उचलून अंदाजाने पुन्हा रोवला होता. काकांनी त्या दगडापासून मोजणी सुरू केली. सहा हात रुंदीची पट्टी शेजाऱ्याकडे गेली. त्या पट्टीत चिंचेचं झाड होतं, बाईच्या सासूने लावलेलं. बाई म्हणाली होती, "साहेब, झाड तर जागचं हाललं नाई. मंग जमीन कशी सरकली?"

आठव्या दिवशी घरी जुना नकाशा पाहताना काकांना दगड हललेला होता हे समजलं. पण कागद वर गेला होता. आणि त्याच आठवड्यात सगळ्या स्टाफसमोर मोठ्या साहेबांनी म्हटलं होतं, मोजणी असावी तर अशी, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. काका गप्प बसले. बाई नंतर दोनदा ऑफिसात आली. दोन्ही वेळा काकांनी तिला सांगितलं, "नियमाप्रमाणं झालं बाई."

मी हात थांबवला. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे प्रकरण फार वेगळं निघालं. इथे मी काही वाढवलेलं नाही.

हे प्रकरण काकूंनी वाचलं तेव्हा त्या रविवारनंतरचा तिसरा दिवस होता. चौथ्या दिवशी काकांच्या टेबलावर भिशीच्या वहीतला फाडलेला कागद: 'हरकतदार, पत्नी. लगत, पश्चिम. शेवटच्या प्रकरणास माझी सक्त हरकत आहे. सुनावणी व्हावी.'

सुनावणी अंगणात झाली. काका खुर्चीत, काकू वेताच्या मोड्यावर, मी कारकून.

"आयुष्यभर मी ह्या न चुकणाऱ्याची बायको म्हणून फिरली," काकू म्हणाल्या. "भिशीत बाया मले खुर्ची देते त्याच्यासाठी. आता कोणाची बायको म्हणून फिरू?"

"चुकलेल्याची," काका म्हणाले.

"पेन्शन थांबवली तर?"

"थांबवू दे."

"लोकं म्हणतीन, इतके दिवस काऊन चूप होता?"

"बरोबर म्हणतीन."

काकूंनी पदराचं टोक कमरेला खोचलं. मग म्हणाल्या, "लिवायचंच हाय तर मंग नीट लिवा. हे 'अनवधानाने' कायले लिवलं? पहिल्या दिवशी अनवधान होतं. आठव्या दिवशी तुमाले मालूम होतं. तुमी चार दिवस जेवले नोते. मले वाटलं पोटात बिघाड हाय, मी ओवा देत राह्यली!"

काका माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "हरकत मान्य. 'अनवधानाने' काटा."

बाईला टपालाने नुसती नोटीसच गेली होती, तिचं प्रकरण तेव्हा टाइप झालेलं नव्हतं, आणि उत्तर अजून आलेलं नव्हतं. मुदतीचे दोन दिवस राहिले तेव्हा काका म्हणाले, गाडी काढा. पिपरी मेघे ते हिंगणी हा रस्ता त्यांना मागे बसवून कसा कापला ते माझं मला माहीत. "ईशान्येले घ्या! ईशान्येले!" म्हणून कानात ओरडायचे आणि मी आधी सूर्य शोधायचो. दोनदा बैलगाडीत गेलो असतो, एकदा बोर धरणात.

बाई ओसरीवर चष्मा लावून पेपर वाचत होत्या. पांढरी साडी, ताठ पाठ. वरती भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि त्यांच्याखाली, खिळ्याला लावलेली, आमची नोटीस.

"या मोजणीसाहेब," त्या पेपर न मिटता म्हणाल्या. "नोटीस भेटली. पंधरातला आज तेरावा दिवस. मी म्हटलं, पाहू, स्वतः येते का पोस्टातूनच भागवते."

काका हात जोडून उभे राहिले. बसा म्हणाल्या तरी बसले नाहीत. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवला. बाई वाचू लागल्या. ओळीवर बोट फिरवत, कुठेही घाई न करता, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मधे एकदा थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा वाचलं. आत जाऊन त्यांनी आम्हाला दोन पेले चिंचेचं पाणी आणून दिलं, गूळ घातलेलं.

"प्या. त्याच झाडाची हाय. झाड तिकडं गेलं, पण चिचा वाऱ्यानं इकडंच पडते. वाऱ्याची मोजणी नोती केली तुमी."

काकांच्या घशाखाली तो घोट उतरताना मी पाहिला. अडीच फूट तरी लांब असेल.

"हे पुस्तक निंगालं का झाड मले भेटन?" बाईंनी विचारलं.

"नाई. पण फेरमोजणी मागा तुमी. मी येऊन जबाब देतो. कुठी बी देतो."

"मागितली केव्हाचीच. तारीख यायची हाय. आता तुमचं हे जोडतो त्याले." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "पण ह्याच्यावर माह्यी हरकत हाय."

काकांनी मान खाली घातली. "सांगा बाई. जे म्हणान ते काटतो."

"इथं लिवलं, 'ती बिचारी डोळ्यांना पदर लावून निमूटपणे निघून गेली.' कोण निमूट? मी? मी त्या दिवशी रडली नोती. मी तुमाले शिव्या देल्ल्या होत्या. नाल्याच्या काठावर उभी राहून, तुमी जीपमधी बसेपर्यंत. आठवते का नाई?"

काकांचे कान लाल झाले. "आठवते."

"मंग काऊन नाई लिवलं?"

"ते पुस्तकात बरं नाई दिसत बाई."

"माह्यी जमीन गेली ते बरं दिसते, अन् माह्या शिव्या बऱ्या नाई दिसत? तुमची चूक पुरी लिवली, तर माह्यं बोलणं बी पुरं लिवा. नाई तर मी सही नाई करत. छापा मंग हरकतीसकट."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "घ्या भाऊ. मी सांगतो, तुमी टाइप करा."

नळ्या विकता विकता मी जिल्ह्यातल्या पुष्कळ शिव्या ऐकल्या आहेत, दोनचार स्वतः कमावल्याही आहेत. पण असं सलग, असं रचून, पिढ्यांच्या हिशेबाने आणि शेतीच्या अवजारांसह मी आधी कधी ऐकलं नव्हतं. सव्वा पान झालं. काका मधे एकदा हळूच म्हणाले, "तिथं वखर नोता बाई, तिफण होती." बाई म्हणाल्या, "हाव. तिफणच होती. दुरुस्त करा भाऊ." शेवटी त्यांनी ते सगळं स्वतः एकदा वाचलं, मान हलवली, आणि 'हरकत नाही' वर मराठीत सुबक सही केली. निघताना काकांना म्हणाल्या, "साहेब, बसले नाई तुमी. पुढच्या वेळी बसजा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बटण दाबायला आम्ही तिघेही बसलो. साइटने एक नवीनच प्रश्न विचारला: 'हा मजकूर फक्त अठरा वर्षांवरील वाचकांसाठी आहे काय?'

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाईंचं सव्वा पान आहे काका," मी म्हटलं.

"हो म्हणा," काका म्हणाले.

"बाप्पा!" काकू म्हणाल्या. "शेतमोजणीच्या पुस्तकाले अठरा वर्षं!"

आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं की पुस्तक तपासणीसाठी गेले आहे, तीन दिवस लागू शकतात. काका इतके आनंदले की उठून उभे राहिले. "पाहा! ते बी मुदत देतेत! तुमीच म्हणत होते, दाबलं का झालं!"

पुस्तक चढलं. त्या अठरा वर्षांच्या खुणेमुळे म्हणा किंवा कशामुळे, पहिल्या आठवड्यात ते इतक्या लोकांनी उघडलं की माझ्या लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागला. त्यातले निम्मे काहीतरी वेगळंच शोधत आले असणार, यात शंका नाही. पण आलेले बरेच जण धाकट्याच्या बैलाच्या शिंगांपर्यंत वाचत गेले होते, हे तिथे दिसतं. काकूंना भिशीत खुर्ची मिळत राहिली. आता बाया त्यांना पुढची खुर्ची देतात आणि सव्वा पान मोठ्याने वाचायला लावतात. पेन्शन चालू आहे. फेरमोजणीची तारीख मात्र अजून यायची आहे, आणि काका जबाबाचा कागद इस्त्रीच्या शर्टात घालून तयार बसले आहेत.

त्या साइटवर वाचकांनी पुस्तकाला तारे द्यायचे असतात, पाचपैकी. पहिले तारे कोणाचे येतात म्हणून काका दिवसातून दहादा वर यायचे. मी चाळीसदा म्हणणार होतो, पण राहू दे. नवव्या दिवशी आले. हिंगणीहून, कोणाच्या तरी फोनवरून. तारे चार. खाली एक ओळ:

'शिव्या बरोबर. मोजणी चूक. एक तारा झाडाचा कापला.'

काकांनी ती ओळ वाचली. खाली जाऊन अंगणाला एक फेरी मारली, पावलं मोजत. मग वर येऊन माझ्यामागे उभे राहिले.

"तो परिचय उघडा. उत्तर भरायची हाय."

मी उघडला. आपल्या मनानेच टाइप केलं, 'उत्तरेस, चिंचेचे झाड, जे लेखकाच्या हातून पलीकडे गेले.'

"काटा ते," काका म्हणाले. "झाड कुठी जाते? बाईनं तवाच सांगितलं होतं. लिवा: उत्तरेस, चिंचेचे झाड. जागचे हललेले नाही."

तसंच लिहिलं. चार बोटंसुद्धा वाढवलं नाही.